दान की वेठ?

वेठ म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना कोशात पाहावे लागत नाही. ज्यांच्या घराण्यात महारकीचे वतन होते त्यांच्या आज्या-पणज्यांनी अंमलदारांचे ओझे डोक्यावर घेऊन गावोगाव वाहिले, सरकारी निरोप रात्री-अपरात्री पोहोचविले, मेलेली ढोरे ओढली; आणि मोबदल्यात शिळ्या भाकरीचे तुकडे व मूठभर बलुते घेतले. या चाकरीस वेठ म्हणावयाचे ते तिच्यात कष्ट होते म्हणून नव्हे. कष्ट शेतकरीही उपसतो, गिरणीकामगारही उपसतो. ती वेठ होती, कारण बोलावणे आले असता 'नाही' म्हणण्याचा अधिकार बोलावल्या गेलेल्या माणसास नव्हता. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे बिल मांडले ते या अधिकारासाठीच. पुढे भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी घातली, आणि १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली.

पाठीवरची वेठ अशा रीतीने कायद्याने संपली. परंतु वेठीचा आणखी एक प्रकार आहे, ज्याकडे आमच्या समाजाचे लक्ष अजून पुरेसे गेलेले नाही. तो देहाच्या वेठीचा. नवे औषध, नवी लस, नवी शस्त्रक्रिया प्रथम कोणावर तरी करून पाहावी लागते. तो 'कोणीतरी' जर समजून-उमजून, आपल्या मर्जीने पुढे आला असेल, तर त्याने मानवजातीस दान दिले असे म्हणावे. परंतु त्यास काही न सांगता, किंवा अर्धवट सांगून, कोऱ्या समजुतीवर अंगठा उठवून घेऊन जर त्याचा देह वापरला गेला असेल, तर तो दाता नव्हे. तो वेठीस धरलेला माणूस होय. वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयी जगभर जे विपुल लेखन झाले आहे, त्याचे सार आमच्या मते या एका भेदात सामावलेले आहे, आणि हा भेद आमच्या नवदीक्षित बंधू-भगिनींनी ओळखावा यासाठी आजचा हा लेख आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. आम्ही संशोधनाच्या विरुद्ध नाही. धम्म हा प्रज्ञेचा मार्ग आहे. अनुभवाच्या कसोटीवर उतरेल तेच ग्राह्य मानावे, असे सांगणारा. औषधही असेच कसोटीवर उतरले पाहिजे, आणि ती कसोटी शेवटी माणसावरच लागते. आपल्या देशातील एक उदाहरण घ्या. १९५६ साली, ज्या वर्षी नागपुरात धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी, मद्रास येथे क्षयरोगाच्या उपचारावर संशोधन सुरू झाले. त्या काळी क्षयरोग्याला दूरच्या आरोग्यधामात कित्येक महिने ठेवणे, चांगली हवा व सकस अन्न देणे, हाच उत्तम उपचार समजला जाई. गरिबाला ते कोठून परवडावे? मद्रासच्या संशोधकांनी शहरातील गरीब रोग्यांचे दोन गट केले. एका गटास आरोग्यधामात ठेवून औषधे दिली, दुसऱ्यास दाटीवाटीच्या त्याच्याच घरात ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: घरी राहून औषधे घेणारा रोगी जवळजवळ तितकाच बरा होतो, आणि त्याच्यामुळे घरच्यांना अधिक लागण होते असेही आढळत नाही. या एका प्रयोगाने जगातील लाखो गरीब क्षयरोग्यांचा मार्ग मोकळा केला. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. दोन्ही गटांना औषध मिळाले, कोणासही रोगाच्या तोंडी दिले गेले नाही. आणि ज्या गरिबांवर प्रयोग झाला त्यांच्यासारख्या गरिबांनाच त्याचे फळ मिळाले.

आता याच्या उलट बाजूकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांतील कैद्यांवर जे प्रयोग केले त्यांचा खटला न्यूरेंबर्ग येथे चालला. २३ आरोपींपैकी १६ दोषी ठरले, सात फासावर गेले. ऑगस्ट १९४७ मध्ये निकाल देताना न्यायाधीशांनी दहा नियम घालून दिले, आणि त्यांतील पहिलाच नियम असा की, ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अपरिहार्य होय. त्याच ऑगस्टच्या २९ तारखेस दिल्लीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली संविधानाची मसुदा समिती नेमली गेली. दोन्ही ठिकाणी प्रश्न मुळात एकच होता: दुबळ्या माणसाच्या 'नाही'ला बलवानाने मान द्यावयाचा की नाही?

न्यूरेंबर्गच्या निकालाने जगातील डॉक्टर शहाणे झाले असते तर बरे होते. परंतु ज्या अमेरिकेने हा खटला चालविला, तिच्याच अलाबामा राज्यात टस्कीगी येथे निराळेच काही चालले होते. १९३२ पासून तेथील सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब निग्रो शेतमजुरांचा एक अभ्यास चालविला होता. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंशाचा रोग होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. 'तुमचे रक्त बिघडले आहे' एवढेच सांगितले. पाठीच्या कण्यातून पाणी काढले ते उपचार म्हणून सांगून काढले. गरम जेवण, मोटारीतून ने-आण आणि मेल्यावर मूठमातीचा खर्च, हा त्यांचा मोबदला. आणि मूठमातीच्या खर्चासाठी अट एवढीच की, प्रेताची चिरफाड करू द्यावी. १९४५ च्या सुमारास पेनिसिलीन हे या रोगावरील रामबाण औषध सर्वत्र मिळू लागले, तरी या माणसांना ते दिले नाही. कारण रोग शेवटपर्यंत काय करतो हे पाहावयाचे होते. हा प्रकार ४० वर्षे चालला. पीटर बक्स्टन नावाच्या त्याच खात्यातील एका नोकराने १९६६ पासून आक्षेप घेतले, ते कोणी ऐकले नाहीत. शेवटी १९७२ साली वृत्तपत्रांत बातमी फुटली तेव्हा अभ्यास थांबला. त्या दुर्दैवी माणसांचा दावा लढविला तो फ्रेड ग्रे या वकिलाने, ज्याने १९५५ साली बसमधील जागेच्या प्रकरणी रोझा पार्क्स यांचे वकीलपत्र घेतले होते. १९७४ साली एक कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि १९९७ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली.

हे उदाहरण आम्ही मुद्दाम विस्ताराने दिले. बाबासाहेबांनी १९४६ साली निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून त्यांच्या व आपल्या प्रश्नांतील साम्य निदर्शनास आणले होते, हे कित्येक वाचकांस ठाऊक असेल. प्रयोगासाठी देह शोधताना सत्ता नेहमी कोणाकडे वळते, हे टस्कीगी सांगते. ती सावकाराकडे वळत नाही, सरदाराच्या वाड्यावर जात नाही. ज्याला विचारावे लागत नाही, ज्याला नकार देता येत नाही आणि ज्याच्या मागे कोणी बोलणारा नाही, त्याच्याकडे ती वळते.

'हे सर्व परदेशातले, आमच्याकडे असे होत नाही,' असे कोणी म्हणेल तर त्याने खम्ममचे प्रकरण वाचावे. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात, जो आता तेलंगणात आहे, आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात 'पाथ' या अमेरिकन संस्थेने शासकीय यंत्रणेच्या सहकार्याने दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे २४,००० मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस टोचण्याचा प्रकल्प हाती घेतला. खम्ममच्या मुलींत आदिवासी मुली पुष्कळ होत्या, आणि त्यांतील कित्येक आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहत होत्या. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. सात मुली दगावल्या होत्या. सरकारी चौकशी समितीने त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसत नाही असे सांगितले, आणि ती लस आज जगातील अनेक देशांत मुलींना दिली जाते व तिचा उपयोगही होतो, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. आमची तक्रार लसीविषयी नाही. आमची तक्रार संमतीपत्रांविषयी आहे. आंध्रातील ९,५४३ संमतीपत्रे तपासली गेली तेव्हा त्यांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या गृहपालांनी सह्या केलेल्या आढळल्या, आणि १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे होते. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या अहवालात या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. वाचकहो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आईबाप रानात मजुरीला, मुलगी वसतिगृहात, आणि तिच्या देहाविषयीचा कागद गृहपाल सही करून पुढे सरकवितो! कायद्याने त्या मुलीचा पालक तो नव्हे. पाटील हुकूम करी आणि महार ओझे उचली, त्यातला आणि ह्यातला फरक आम्हांस तरी शोधून सापडत नाही.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण याहून अवघड आहे, म्हणून ते अधिक विचार करण्याजोगे आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ४९७ खेड्यांतील १,३१,७४६ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच ओळखण्यासाठी तीन निरनिराळ्या तपासण्या तीन गटांतील स्त्रियांना देऊ करण्यात आल्या, आणि ३१,४८८ स्त्रियांच्या चौथ्या गटाला तपासणी न देता नेहमीच्याच आरोग्यसेवेवर ठेवण्यात आले. ज्या गटाची विषाणू-तपासणी झाली त्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने मरण पावल्या. तपासणी नसलेल्या गटातील ६४. संशोधकांची बाजू अशी की, त्या वेळी देशातील खेड्यांत अशी तपासणी कोणासच मिळत नव्हती, आणि तुलना केल्यावाचून तपासणी उपयोगी आहे हे सिद्ध कसे व्हावे? आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे की, अशा तपासणीने प्राण वाचतात हे इतर देशांच्या अनुभवावरून आधीच ठाऊक होते. मग एका गटाला वगळले कशासाठी? दोन्ही बाजूंस विद्वान आहेत, आणि आम्ही येथे निवाडा देऊ इच्छीत नाही.

परंतु एक प्रश्न आम्ही विचारणारच. मराठवाड्यातील त्या मायबहिणींच्या जगण्या-मरण्यातून जे ज्ञान मिळाले ते सर्व जगाने वापरले. त्यांच्या देशातील स्त्रियांना त्यातून काय मिळाले? २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी या कर्करोगाची तपासणी एकदा तरी झालेल्या स्त्रिया दोन टक्क्यांहूनही कमी होत्या. मद्रासच्या प्रयोगाचे फळ गरिबाच्या घरी पोहोचले. या प्रयोगाचे फळ अजून वाटेतच आहे. दान घेणाऱ्याने दात्याचे ऋण फेडावयाचे असते, हा व्यवहार प्रयोगशाळेलाही चुकलेला नाही.

आकड्यांविषयी आणखी एकच गोष्ट सांगतो. २००५ पासून २०१२ च्या मध्यापर्यंत नव्या औषधांच्या चाचण्यांत भाग घेतलेल्या २,६४४ माणसांचा चाचणीच्या काळात मृत्यू झाला, आणि त्यांपैकी ८० मृत्यू चाचणीमुळे झाले, असे सरकारनेच सर्वोच्च न्यायालयास सांगितले. इंदूरच्या 'स्वास्थ्य अधिकार मंच' या संघटनेने लोकहितार्थ केलेल्या अर्जात ही माहिती बाहेर आली. आजारी माणूस मूळ आजारानेही मरतो, तेव्हा सर्वच मृत्यू चाचणीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तथापि कोणता मृत्यू आजाराचा व कोणता चाचणीचा, हे ठरविणारे निःपक्षपाती असले पाहिजेत, आणि मृताच्या घरच्यांस निदान एवढे तरी माहीत असले पाहिजे की आपला माणूस चाचणीत होता. ज्याला हेच ठाऊक नाही तो दाद कसली मागणार?

मग खरी संमती कशास म्हणावे? याचे उत्तर आपणांस परक्या ग्रंथांतून शोधावयास नको. आपल्याच इतिहासातील सर्वांत मोठी संमती डोळ्यांसमोर आणा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी लोकांना एका रांगेत उभे करून त्यांनी दीक्षा दिली नाही. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची कारणे, लाभ आणि धोके लोकांपुढे सविस्तर मांडले. आक्षेपांची उत्तरे दिली. पुढे वर्षानुवर्षे निरनिराळ्या धर्मांचा तौलनिक विचार केला व लोकांस करावयास लावला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी लोक उभे राहिले तेव्हा मधे २१ वर्षे गेली होती. ज्याला यावयाचे नव्हते तो आला नाही, आणि त्याच्यावर कोणी बळजबरी केली नाही. पूर्ण माहिती, विचारास अवधी, नकाराची मोकळीक आणि स्वतःच्या मुखाने उच्चारलेला निश्चय, ही त्या संमतीची चार अंगे होती. वैद्यकीय संशोधनातील संमतीचीही अंगे हीच चार आहेत. आपण वा आपल्या वडिलांनी, किंवा काल-परवाच आपण स्वतः, धर्मासारख्या गोष्टीत ही संमती विचारपूर्वक दिलेली आहे. मग रुग्णालयाच्या खिडकीपाशी गेल्यावरच आपण न वाचता अंगठा कां उठवावा?

रुग्णालयात दोन गोष्टींची गल्लत होते, ती आधी दूर करू. उपचार निराळा आणि संशोधन निराळे. उपचारात डॉक्टर तुमच्या आजाराला जे योग्य ते औषध निवडतो. संशोधनात तुम्हांला कोणते औषध मिळावे हे पुष्कळदा चिठ्ठ्या टाकाव्या तसे ठरते. ते तुम्हांला माहीत नसते आणि कित्येक वेळा डॉक्टरलाही नसते. कधी कधी तर गोळीत औषधच नसते, ती फक्त औषधासारखी दिसते. तिला प्लासिबो म्हणतात. यात अपरिहार्यपणे काही वाईट आहे असे नाही. परंतु हे तुम्हांला आधी सांगितले पाहिजे. उपचार करणारा व प्रयोग करणारा डॉक्टर जेव्हा एकच असतो, तेव्हा रोग्याला वाटते की आपण नकार दिला तर उपचार बंद पडेल. ही भीती निराधार ठरविण्याचे काम कायद्याने केले आहे.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात सांगतो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दाव्यात असा निर्णय दिला की, प्रौढ व सावध रोग्याची संमती त्याने स्वतःच दिली पाहिजे. त्या प्रकरणात रोगी स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईकडून घेतलेली संमती ग्राह्य धरली गेली नाही. हा नियम साध्या उपचाराचा. मग प्रयोगास तो किती अधिक लागू व्हावा! औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार भाग घेणाऱ्यास समजेल अशा भाषेत चाचणीचा हेतू, धोके, लाभ आणि इतर उपलब्ध उपचार सांगावे लागतात. वाचता न येणाऱ्याची संमती घेताना त्रयस्थ साक्षीदार सर्व वेळ हजर असावा लागतो. दुर्बल गटातील व्यक्तींवर पूर्णतः नव्या औषधद्रव्याची चाचणी असेल तर संमतीच्या प्रक्रियेचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते, एच. आय. व्ही. व कुष्ठरोग यांच्या औषधांपुरते केवळ ध्वनिमुद्रण पुरते. माहितीपत्राची व सही केलेल्या संमतीपत्राची प्रत भाग घेणाऱ्यास द्यावी लागते. कोणत्याही क्षणी, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडता येते, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई, आणि मृत्यू झाल्यास वारसांना भरपाई, असा हक्क आहे. म्हणूनच संमतीपत्रावर वारसाचे नाव लिहावयाचे असते, ती जागा कोरी सोडू नये. बालकासाठी आई, बाप किंवा कायदेशीर पालक यांचीच संमती लागते, आणि समजत्या वयाच्या मुलाचाही होकार घ्यावा लागतो. गृहपाल, मुख्याध्यापक, सरपंच, मुकादम यांपैकी कोणाचीही सही या कामी चालत नाही.

प्रत्येक चाचणीवर देखरेख करणारी एक समिती असते, तिला रुग्णालयात एथिक्स कमिटी म्हणतात. तिच्यात निदान सात सभासद असावे लागतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक कायद्याचा जाणकार हवाच, आणि अर्धे सभासद त्या संस्थेबाहेरचे हवेत. तिचे नाव व संपर्क संमतीपत्रावर छापलेला असतो. तक्रार तेथे करावी. नियम कागदावर चांगले आहेत. परंतु महारवतनाच्या लढ्याने आपणांस हे शिकविले आहे की, हक्क मागणारा उभा राहिल्यावाचून कायद्याचा कागद स्वतःहून चालत घरी येत नाही.

आता काही आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप आपल्याच लोकांचा. 'डॉक्टर म्हणजे देव, त्याला काय विचारायचे?' आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हा देवांची सद्दी संपविली. आता एका देवाच्या जागी पांढऱ्या कोटातला दुसरा देव बसवावयाचा नाही. केसमुत्तच्या कालामांना तथागतांनी जो उपदेश केला त्याचे तात्पर्यच हे की, सांगणारा थोर आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नये, पारखून घ्यावे. आणि सेवा कशी असावी हेही त्यांनी स्वतः दाखविले. अतिसाराने घाणीत पडून राहिलेल्या एका भिक्खूला त्यांनी आनंदाच्या साहाय्याने आपल्या हातांनी धुतले. रोग्यासमोर असा नम्र होणारा डॉक्टर आम्हांस वंदनीय आहे, आणि असे डॉक्टर आहेतही. त्यांना प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याच कागदावर सही करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा. 'अडाणी माणसाला शास्त्र काय समजणार?' हा युक्तिवाद आम्ही फार जुना ओळखतो. वेदाचा अधिकार नाकारताना तो केला होता, शाळेच्या दाराशी केला होता, मताच्या अधिकाराच्या वेळीही केला होता. शेतातल्या बाईला बी-बियाण्याचा धोका समजतो, सावकाराच्या व्याजाचा समजतो, तसाच औषधाचाही समजतो; सांगणाऱ्याला सांगता आले पाहिजे. न समजण्याचा दोष ऐकणाऱ्याच्या माथी मारून त्याची संमती गृहीत धरणे, हा अन्यायावर आणखी अन्याय झाला.

तिसरा प्रश्न पैशाचा. भोपाळमध्ये डिसेंबर २०२० च्या सुमारास करोनाच्या लसीची चाचणी झाली. वायुपीडित वस्त्यांतील काही लोकांनी तक्रार केली की, आपणांस चाचणीऐवजी लसच मिळते आहे असे वाटले, आणि ७५० रुपये मिळतात म्हणून आपण गेलो. संबंधित संस्थेने हे आरोप नाकारले. खरे-खोटे काहीही असो, ज्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटलेली नाही त्याच्यासमोर ७५० रुपये ठेवून त्याची स्वेच्छा विचारणे ही स्वेच्छेची थट्टा आहे. जाण्यायेण्याचा खर्च व बुडालेली मजुरी जरूर द्यावी. ती हक्काची आहे. पण बलुत्याच्या मुठीने जसे आपल्या पूर्वजांचे पाय बांधले गेले, तसे या नोटांनी आपले बांधले जाऊ नयेत.

मग करावे काय? आमची सूचना साधी आहे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर पाऊण तास काढून एखादे संमतीपत्र मोठ्याने वाचावे. जिल्ह्याच्या रुग्णालयातून त्याचा नमुना मागून आणावा. त्यातील कठीण शब्द आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी सोपे करून सांगावे. घरातील प्रत्येकाला, विशेषतः आई-बहिणींना, पाच प्रश्न पाठ असावेत: हा उपचार आहे की संशोधन? मला काय होऊ शकते? मी नाही म्हटले तर मला कोणता उपचार मिळेल? इजा झाली तर जबाबदार कोण? आणि या कागदाची प्रत मला कधी देता? कोणी म्हणाले, 'आत्ताच सही करा,' तर म्हणावे, 'घरी विचारून उद्या सांगते.' उद्यापर्यंत थांबावयास जे संशोधन तयार नाही, ते चांगले संशोधन नव्हे.

आमच्या समाजातून आता डॉक्टर, परिचारिका, वकील पुष्कळ झाले आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे की, आपल्या शहरातील रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीत सामान्य नागरिकाची व कायद्याच्या जाणकाराची जी जागा असते ती कोणाकडे आहे याची चौकशी करा, आणि ती रिकामी असेल तर मागा. चावडीवर बाहेर उभे राहून निकाल ऐकण्याचे दिवस गेले. जेथे निर्णय होतो तेथे आपला माणूस बसला पाहिजे. आणि जो आमचा तरुण स्वतः संशोधक होईल त्याने टस्कीगी विसरू नये. पीडितांच्या घरात जन्म घेतला एवढ्याने कोणी आपोआप न्यायी होत नाही. टस्कीगीतील त्या माणसांची रोजची देखभाल करणारी परिचारिकाही त्यांच्याच वर्णाची होती.

अजिंठ्याच्या लेण्यांत शिबी राजाची कथा रंगविलेली आहे. पारव्याचा जीव वाचावा म्हणून त्याने आपले मांस तराजूत घातले. ती कथा आहे, इतिहास नव्हे. परंतु तिच्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तराजू राजाच्या डोळ्यांसमोर होता, मांस किती लागणार हे तो पाहत होता, आणि त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी अंगठा उठविला नव्हता. म्हणून ते दान झाले. आपल्यालाही कोणी उद्या असे दान मागितले, तर भिऊन पळू नका. आजाऱ्यांच्या हितासाठी डोळसपणे चाचणीत भाग घेणे हे कुशल कर्म आहे, आणि आमच्या स्त्री-पुरुषांनी त्यात मागे राहू नये. मात्र आधी विचारा, उत्तर ऐका, घरच्यांशी बोला, आणि मग जो निर्णय कराल तो तुमचाच असू द्या. हो म्हणाल तर मान उंच ठेवून म्हणा, नाही म्हणाल तरी मान उंच ठेवूनच म्हणा. वेठ करणाऱ्या पिढ्यांना हे सुख मिळाले नव्हते. आपल्याला ते मिळाले आहे. ते कोणाच्याही कागदावर अंगठ्याने पुसून टाकू नका.

जय भीम!